आर्थिक वाढ आणि कार्बन उत्सर्जन: गोंदिया जिल्हा कागदावर अमेरिकेच्या बरोबरीला कसा येतो?

"देश श्रीमंत झाला की प्रदूषण वाढणारच" असं एक रील सांगतं. दुसरं रील सांगतं, "देश श्रीमंत झाला की प्रदूषण आपोआप कमी होतं." दोन्हींवर लाखभर लाईक्स असतात. मग खरं काय?

पुस्तकात याचं उत्तर शोधायला गेलं की आलेख आणि समीकरणं समोर येतात. मी मात्र हे सगळं आमच्या गोंदिया जिल्ह्यावरून समजावणार आहे, कारण धानाची शेती, राईस मिल, जंगल आणि एक प्रचंड मोठा कोळशाचा वीजप्रकल्प हे सगळं इथे एकाच जिल्ह्यात आहे. मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडून ठेवा, मधे मधे लागेल.

## थोडक्यात सांगायचं तर

- आर्थिक वाढीला ऊर्जा लागते. ती ऊर्जा कोळसा, पेट्रोल, डिझेल यांतून आली की कार्बन वाढतो. म्हणजे कार्बन थेट वाढीतून येत नाही, तो इंधनातून येतो.
- "प्रति रुपया कार्बन" कमी होणं आणि "एकूण कार्बन" कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात पहिली घडते आहे, दुसरी अजून नाही.
- कार्बन कुठे बाहेर पडला आणि त्याचा फायदा कोणी घेतला, ही ठिकाणं वेगळी असू शकतात. गोंदिया हे त्याचं चांगलं उदाहरण आहे.

## आधी गणित: तिरोड्याचा वीजप्रकल्प

तिरोडा एमआयडीसीमध्ये अदानी पॉवरचा औष्णिक वीजप्रकल्प आहे. प्रत्येकी ६६० मेगावॅटचे ५ संच, म्हणजे एकूण ३३०० मेगावॅट. हे संच २०१२ ते २०१४ या काळात सुरू झाले.

३३०० मेगावॅट म्हणजे ३३ लाख किलोवॅट. वर्षात ८७६० तास असतात. सगळे संच सगळा वेळ पूर्ण क्षमतेने चालत नाहीत, म्हणून आपण ७५ टक्के क्षमता गृहीत धरू. वर्षाला साधारण २१६८ कोटी युनिट वीज झाली.

अशा प्रकल्पात एक युनिट वीज बनवायला आपल्याकडचा साधारण ६५० ग्रॅम कोळसा लागतो आणि त्यातून साधारण ९०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

थांबा, ६५० ग्रॅम जाळून ९०० ग्रॅम कसं निघालं? आपल्या कोळशात राख भरपूर असते, शुद्ध कार्बन वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपासच असतो. पण जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो. १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन जोडला जातो आणि ४४ ग्रॅम वायू तयार होतो. जास्तीचं वजन हवेतलं आहे.

आता गुणाकार करा. २१६८ कोटी युनिट गुणिले ०.९ किलो, म्हणजे साधारण १.९५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड, दरवर्षी. कोळसा लागला साधारण १.४ कोटी टन. एका मालगाडीत सुमारे ४ हजार टन कोळसा मावतो असं धरलं, तर रोज ९-१० मालगाड्या. ध्यानात ठेवा, हे प्रत्यक्ष मोजलेले आकडे नाहीत, ७५ टक्के धरून केलेला हिशोब आहे. एखाद्या वर्षी प्रकल्प कमी-जास्त चालला की आकडाही तसा बदलेल.

पुढची पायरी मजेशीर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७. या सगळ्यांवर तो कार्बन वाटला, तर माणशी साधारण पावणेपंधरा टन!

आता तुलना बघा, दरडोई वार्षिक कार्बन डायऑक्साइड, अंदाजे:

- अमेरिका: १४ टन
- चीन: ८ टनांच्या वर
- जगाची सरासरी: पावणेपाच टनांच्या आसपास
- भारत: २ टन

म्हणजे कागदावर गोंदियाचा माणूस अमेरिकेच्या माणसाला मागे टाकतो. पण राज्याच्या आर्थिक पाहणीत गोंदियाचं दरडोई उत्पन्न महाराष्ट्राच्या सरासरीच्या खाली असतं. खरीप धान, मजुरी, तेंदूपत्ता, मोहफुलं यांवर घर चालवणारी माणसं अमेरिकेसारखी राहतात का? अजिबात नाही. मग हिशोबात गडबड कुठे झाली?

## गडबड इथे आहे: बनवणारा की वापरणारा?

हिशोब चुकलेला नाही, आपण विचारलेला प्रश्न चुकला. "कार्बन कुठे बाहेर पडला?" असं विचारलं तर उत्तर गोंदिया. "ती वीज कोणी वापरली?" असं विचारलं तर उत्तर पूर्ण महाराष्ट्र.

तिरोड्याची बहुतांश वीज महावितरणला दीर्घ मुदतीच्या कराराने जाते. तिला वाहून नेण्यासाठी ७६५ केव्हीची वाहिनी टाकली गेली: तिरोडा, कोराडी, अकोला आणि पुढे छत्रपती संभाजीनगर. नकाशावर बोट फिरवून बघा, ही रेघ राज्याच्या पूर्व टोकाकडून पश्चिमेकडे जाते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा असे राज्याचे मोठे कोळसा प्रकल्प विदर्भात आहेत, कारण खाणी जवळ आहेत. कारखाने, आयटी पार्क आणि मॉल मात्र जास्त करून पश्चिमेला आहेत.

उलटा हिशोबही करून बघू. भारतात दरडोई वीजवापर वर्षाला साधारण १४०० युनिट आहे आणि त्यात कारखानेसुद्धा आले. गोंदियाच्या प्रत्येक माणसाने ही राष्ट्रीय सरासरी गाठली असं मानलं, तरी जिल्ह्याला लागतील १८५ कोटी युनिट. तिरोड्याच्या वर्षाच्या विजेचा हा फक्त बारावा हिस्सा झाला.

अभ्यासक याला दोन नावं देतात. जिथे जळलं तिथे मोजणं म्हणजे उत्पादन-आधारित मोजणी. ज्याने वस्तू किंवा वीज वापरली त्याच्या खात्यावर टाकणं म्हणजे वापर-आधारित मोजणी. देशांचे अधिकृत आकडे पहिल्या पद्धतीने लिहिले जातात. म्हणून एखाद्या देशाने आपले पोलाद कारखाने बंद करून पोलाद बाहेरून आणायला सुरुवात केली, की त्याचा आकडा कमी होतो आणि बनवणाऱ्या देशाचा वाढतो. हवेत मात्र तेवढाच कार्बन जातो.

तुमच्या हातातला फोनच घ्या. ५००० एमएएचची बॅटरी रोज एकदा चार्ज केली, तर वर्षाला साधारण ९ युनिट वीज जाते, म्हणजे साधारण साडेसहा किलो कार्बन. पण असा एक स्मार्टफोन बनवताना, खनिज काढण्यापासून चिप तयार करण्यापर्यंत, ५० किलोच्या वर कार्बन बाहेर पडलेला असतो. तो कुठे पडला? जिथे खाण आहे आणि जिथे कारखाना आहे तिथे. फोन वापरतो तो गोंदियात, आणि कार्बन लिहिला जातो दुसऱ्याच्या वहीत. विजेच्या बाबतीत आपण देणारे, फोनच्या बाबतीत घेणारे!

## वाढ आणि कार्बन यांना जोडणारं सूत्र

जपानी अर्थशास्त्रज्ञ योइची काया यांनी हे नातं एका सोप्या गुणाकारात मांडलं. त्याला काया समीकरण म्हणतात.

एकूण कार्बन = लोकसंख्या × दरडोई उत्पन्न × एक रुपया कमवायला लागणारी ऊर्जा × त्या ऊर्जेच्या एका युनिटमागे निघणारा कार्बन

हे चार नळ समजा. त्यांतले पहिले दोन बघा. लोकसंख्या एका रात्रीत कमी होत नाही. दरडोई उत्पन्न तर आपल्याला वाढवायचंच आहे. सालेकसा-देवरीच्या पोराने चांगली नोकरी करू नये, घरात फ्रिज घेऊ नये, असं कोणी म्हणू शकत नाही. म्हणजे विकसनशील देशाकडे खरं तर दोनच नळ उरतात: तिसरा, म्हणजे कमी ऊर्जेत जास्त काम, आणि चौथा, म्हणजे ऊर्जाच स्वच्छ करणं.

वाढ आणि कार्बन यांचं नातं निसर्गाचा नियम आहे का, तर नाही. शेवटचे दोन नळ किती वेगाने बंद होतात, यावर ते ठरतं.

## वाढ होताना कार्बन नेमका कुठून येतो?

गरीब भागाला वर यायचं तर आधी रस्ते, पूल, घरं, शाळा, दवाखाने लागतात. म्हणजे सिमेंट आणि पोलाद. सिमेंट बनवताना चुनखडी तापवतात, आणि चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हा भाग सुटणारच. पोलादात तर एक टन मालामागे साधारण दोन टन किंवा त्याहून जास्त कार्बन जातो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. आता नागपूर-गोंदिया द्रुतगती मार्गही नियोजित आहे. ज्या देशांनी हे सगळं शंभर वर्षांपूर्वी बांधून घेतलं, त्यांचा हा कार्बन जुन्या वहीत गेला. आपला आता लिहिला जातो आहे.

दुसरा टप्पा घराचा. पंखा, टीव्ही, फ्रिज, गाडी, मग एसी. विदर्भातला मे महिना ज्याने काढला आहे, त्याला एसी चैनीची वस्तू आहे असं सांगून बघा! दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट, रोज ८ तास, १०० दिवस चालला तर १२०० युनिट. आपल्या ग्रीडमध्ये कोळसा, पाणी, सौर, पवन, अणू सगळं मिसळून एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या थोडा वर कार्बन येतो. म्हणजे एका उन्हाळ्यात पाऊण टनाहून जास्त.

आणि तिसरा स्रोत, जो गोंदियात विसरून चालणार नाही: धान. बांधीत पाणी साचून राहिलं की मातीतला ऑक्सिजन संपतो. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे सूक्ष्मजीव काडीकचरा कुजवतात आणि मिथेन वायू तयार होतो. १०० वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७ पट जास्त उष्णता अडवतो. पण इथे एक फरक ध्यानात घ्या. हा वायू पोट भरण्यासाठी पिकवलेल्या अन्नातून येतो. एसीचा कार्बन आणि ताटातल्या भाताचा मिथेन एकाच तराजूत तोलायचे का, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय वाटाघाटींतही भारताने वेळोवेळी मांडला आहे.

## "श्रीमंत झालं की प्रदूषण कमी होतं" हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. सायमन कुझनेट्स या अर्थशास्त्रज्ञाने उत्पन्न आणि विषमता यांचा एक आलेख मांडला होता: आधी चढ, मग उतार, उलट्या वाटीसारखा. १९९० च्या दशकात ग्रॉसमन आणि क्रूगर या अभ्यासकांनी प्रदूषणाच्या बाबतीत असाच आकार दाखवला. पुढे त्याला पर्यावरणीय कुझनेट्स वक्र हे नाव पडलं.

हा वक्र गंधकाचा वायू, घाण पाणी अशा प्रदूषणाला बऱ्यापैकी लागू पडतो. कारण ते प्रदूषण आपल्याच नाकातोंडात जातं. लोकांकडे पैसा आला की ते ओरडतात, कायदे होतात, फिल्टर बसतात.

कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. तो दिसत नाही, वासही येत नाही. प्रकल्पाच्या रुंद मनोऱ्यांतून जे पांढरं ढगासारखं निघतं, ती बहुतेक पाण्याची वाफ असते. कार्बन डायऑक्साइड उंच चिमणीतून जातो आणि तो रंगहीन असतो. शिवाय तो तिरोड्यात थांबत नाही, पूर्ण जगाच्या हवेत मिसळतो. त्यामुळे "आपल्या गावापुरता बंद करा" असा दबाव येत नाही. म्हणून कार्बनच्या बाबतीत उतार आपोआप येत नाही, तो आणावा लागतो.

ब्रिटनने तो आणला. १९९० च्या तुलनेत तिथलं उत्सर्जन जवळपास निम्म्यावर आलं आणि अर्थव्यवस्था वाढत राहिली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्यांचा शेवटचा कोळसा वीजप्रकल्प बंद झाला. पण दोन गोष्टी विसरू नका. एक, त्यांनी कोळसा जाळून आधी दोनशे वर्षं श्रीमंती कमावली होती. दोन, कारखान्यांचा बराच माल ते आता बाहेरून आणतात. बाहेरचा माल धरूनही त्यांचा कार्बन कमी झाला आहे, पण अधिकृत आकड्यात दिसतो तेवढा नाही.

## डीकपलिंग म्हणजे काय? तिरोड्याच्या बॉयलरवरून समजून घ्या

वाढ आणि कार्बन यांची जोडी सुटणं याला डीकपलिंग म्हणतात. मराठीत आपण "ताटातूट" म्हणू. तिचे दोन प्रकार आहेत.

सापेक्ष ताटातूट: अर्थव्यवस्था वेगाने वाढते, कार्बन हळू वाढतो. पण वाढतो.

पूर्ण ताटातूट: अर्थव्यवस्था वाढते आणि कार्बन खरोखर घटतो.

तिरोड्याचे संच सुपरक्रिटिकल तंत्राचे आहेत. पाण्याचा दाब सुमारे २२१ बारच्या वर आणि तापमान ३७४ अंशांच्या वर गेलं, की पाणी आणि वाफ असा भेदच राहत नाही, उकळणं ही पायरीच गळून जाते. या स्थितीत चालणारा प्रकल्प जुन्या प्रकल्पापेक्षा तेवढ्याच कोळशातून जास्त वीज काढतो. म्हणजे प्रति युनिट कार्बन कमी झाला. छान! पण जिथे काहीच नव्हतं तिथे ३३०० मेगावॅट उभे राहिले. एकूण कार्बन शून्यावरून दोन कोटी टनांजवळ गेला. एकाच आवारात दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

देशाचंही असंच आहे. २००५ ते २०२० या काळात भारताने उत्पन्नाच्या प्रति रुपया उत्सर्जन ३६ टक्क्यांनी कमी केलं, हे अधिकृतपणे संयुक्त राष्ट्रांना कळवलं आहे. आता उदाहरणादाखल बघा: अर्थव्यवस्था १०० ची २५० झाली आणि प्रति रुपया कार्बन १ वरून ०.६४ वर आला, तर एकूण कार्बन १०० चा १६० होतो. तीव्रता घटली, एकूण वाढला. सरकार पहिला आकडा सांगतं, टीकाकार दुसरा सांगतात, आणि खोटं कोणीच बोलत नसतं!

## मग भारताने काय ठरवलंय?

- २०३० पर्यंत उत्पन्नाच्या प्रति रुपया उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करणं. २०१५ मध्ये हे लक्ष्य ३३ ते ३५ टक्के होतं, २०२२ मध्ये वाढवलं.
- वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत ५० टक्के वाटा कोळसा-तेल-वायूशिवायचा. हा टप्पा २०२५ मध्येच गाठला गेला.
- २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषला जाईल अशी स्थिती. ही घोषणा नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत झाली.

दुसऱ्या मुद्द्यात एक मेख आहे. क्षमता आणि प्रत्यक्ष वीज वेगळी. सोलर पॅनल रात्री झोपतं, ढगात डुलक्या घेतं. कोळशाचा संच रात्रंदिवस चालतो. म्हणून निम्मी क्षमता स्वच्छ असली, तरी देशात तयार होणाऱ्या विजेतला साधारण ७० टक्क्यांहून जास्त भाग अजून कोळशाचाच आहे. हे अंतर भरायला बॅटऱ्या, पंप स्टोरेज आणि चांगलं ग्रीड लागेल.

न्यायाचा मुद्दाही राहतोच. १८५० पासून आजवर जगाने जेवढा कार्बन डायऑक्साइड इंधनातून सोडला, त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा ३ ते ४ टक्के. लोकसंख्या मात्र जगाच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त. म्हणून "आधी तुम्ही कमी करा" हे आपण म्हणतो त्यात तथ्य आहे. पण दुसरी बाजूही खरी आहे: आज एकूण उत्सर्जनात भारत जगात तिसरा आहे, आणि तापमान वाढलं की पहिला फटका ज्यांच्या शेतावर छत नाही त्यांनाच बसतो. कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस येऊन धानाच्या कडपा भिजल्या, की कुठल्या देशाच्या कार्बनने तो पाऊस आणला हे विचारून नुकसान भरून निघत नाही.

## झाडं लावून भागेल का?

हा प्रश्न हमखास येतो. गोंदिया जंगलाचा जिल्हा आहे, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प इथेच. तर हिशोब करूया. जिल्ह्याचं क्षेत्रफळ ५,२३४ चौरस किलोमीटर, म्हणजे सव्वापाच लाख हेक्टर. गावं, शेतं, रस्ते सगळं हटवून पूर्ण जिल्ह्यात जंगल लावलं आणि प्रत्येक हेक्टर वर्षाला सढळ हाताने ५ टन कार्बन डायऑक्साइड शोषतं असं धरलं, तरी २६ लाख टन होतात. तिरोड्याच्या १९५ लाख टनांचा सातवा-आठवा हिस्सा.

याचा अर्थ झाडं लावू नका असा नाही. पाणी, माती, वाघ, सारस यांच्यासाठी ती हवीतच. आणि असलेलं जंगल तोडलं तर साठलेला कार्बन परत हवेत जातो. याच तिरोडा प्रकल्पासाठी आधी चंद्रपूर जिल्ह्यातला लोहारा कोळसा पट्टा ठरला होता, पण ताडोबाच्या जंगलामुळे पर्यावरण मंत्रालयाने तो अडवला. मात्र जाळलेल्या कोळशाची भरपाई झाडांनी होत नाही, एवढं नक्की.

## गोंदियाला तिसरा आणि चौथा नळ कसा बंद करता येईल?

पंखा: साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅट. रोज १५ तास, २०० दिवस चालला तर १३५ युनिटची बचत. हवा तेवढीच, बिल कमी. तिसरा नळ म्हणजे हेच.

छतावरचं सोलर: १ किलोवॅटचं पॅनल दिवसाला साधारण ४ युनिट देतं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटपर्यंतच्या प्रकल्पाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. शेतीसाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि सौर पंप आहेत. रात्री ओलिताला जाणं टळतं, हा फायदा कार्बनपेक्षा शेतकऱ्याला जवळचा.

धानाचं पाणी: बांधी सतत भरून न ठेवता मधे मधे पाणी उतरू द्यायचं, मग पुन्हा भरायचं. माती श्वास घेते, मिथेन कमी होतो, पाणीही वाचतं. पण त्यासाठी हवं तेव्हा पाणी मिळेल याची खात्री लागते. तलाव-कालवा भरवशाचा नसेल, तर कोणता शेतकरी हातातलं पाणी सोडेल?

तूस: धान भरडल्यावर वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा तूस निघतो. उष्णा तांदळाच्या मिलमध्ये तो बॉयलरला जाळतात. हा कार्बन त्याच वर्षी रोपाने हवेतून घेतलेला असतो, म्हणून तो कोळशासारखा नवा भार मानला जात नाही. राख-धुरळ्याचा बंदोबस्त मात्र करावाच लागतो.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वीज कोळशाचीच असेल तर इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन काय फायदा?
फायदा आहे. पेट्रोल स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर धरली तर किलोमीटरमागे साधारण ५० ग्रॅम कार्बन. इलेक्ट्रिक स्कूटर आजच्या ग्रीडवरसुद्धा साधारण २५ ग्रॅम. ग्रीड स्वच्छ होत गेलं की तीच स्कूटर आणखी स्वच्छ होते.

तिरोड्याचा प्रकल्प बंद करायचा का?
उद्या बंद केला तर महाराष्ट्रात पुन्हा भारनियमन येईल. २००५ ते २०१२ च्या काळात गावागावांत तासन्‌तास लाईट जायची, ते आम्ही कंदिलाखाली अभ्यास करून भोगलंय. पण कोळसा प्रकल्प साधारण २५ वर्षं किंवा जास्त चालतो. म्हणजे आज आयटीआयला असलेला मुलगा चाळिशीला येईपर्यंत हा प्रश्न दारात उभा असेल. तेव्हा त्या कामगारांना, त्या जमिनीला, त्या ७६५ केव्हीच्या वाहिनीला दुसरं काय काम देणार, याचं नियोजन आताच व्हायला हवं.

कार्बनचा माझ्या नोकरीशी काय संबंध?
युरोपियन युनियनने पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत अशा मालावर सीमेवरचं कार्बन शुल्क आणलं आहे. त्याची अंमलबजावणी १ जानेवारी २०२६ पासून. ज्या मालामागे कार्बन जास्त, तो माल तिथे महाग. पुढे स्वच्छ वीज जिथे मिळेल तिथे कारखाने जातील, आणि नोकऱ्याही.

## पुढच्या वेळी रील बघाल तेव्हा

कार्बनचा कुठलाही आकडा समोर आला की तीन प्रश्न विचारा. हा आकडा एकूण आहे की दरडोई? जिथे जळलं तिथला आहे की ज्याने वापरलं त्याचा? प्रति रुपया घटला की खरोखर घटला? या तीन प्रश्नांत बहुतेक दाव्यांचा निकाल लागतो.

गोंदियाच्या माणशी पावणेपंधरा टनांचंही तसंच. तो आकडा आमच्या राहणीमानाचा नाही, महाराष्ट्राच्या वाढीचा आहे, जो आमच्या पत्त्यावर लिहिला गेला. आम्हाला वाढ हवीच आहे. फक्त यापुढची वाढ कोळशाच्या मालगाडीतून न येता छतावरून आणि शेताच्या बांधावरून यावी, आणि तिचा फायदासुद्धा थोडा इथेच थांबावा, एवढंच म्हणणं आहे.

लेख उपयोगी वाटला तर कॉलेजच्या ग्रुपवर नक्की टाका. आणि गणित स्वतः एकदा करून बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका!